सगळ्या नळ्या एकसारख्या उतरल्या

विद्यार्थ्यांच्या विज्ञान स्पर्धेत स्वतः बनवलेलं वाद्य घेऊन उतरणाऱ्या गटांची वाद्यं मी तपासून देते. त्या दिवशी पहिलंच वाद्य होतं पीव्हीसीच्या आठ नळ्यांचं. नळ्या खालून बंद, वरच्या तोंडावर आडवी फुंकर मारायची. ट्यूनर (सूर किती चढला-उतरला ते दाखवणारं यंत्र) लावला तर आठही सूर उतरलेले. खालचा सा ३१ सेंट, पंचम २९, वरचा सा ३०. शंभर सेंटांचा एक अर्धस्वर, म्हणजे तीस सेंटांचा फरक कुणाच्याही कानाला टोचणार. "मॅडम, काल सगळ्या बरोबर होत्या," असं म्हणत मुलांनी करवत उचलली. नळी आखूड केली की सूर चढतो, हे त्यांचं बरोबरच होतं. पण कापण्याआधी कुठला सूर किती सेंट चुकला याचा तक्ता नीट वाचावा, असा माझा आग्रह असतो. बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा त्यातच दिसतं.

इथे लांब नळी आणि आखूड नळी, दोन्हींची चूक सारखीच होती. मोजमाप किंवा कापणी चुकली असती तर आकडे इतके जवळजवळ आले नसते. सगळ्यांवर एकाच प्रमाणात परिणाम करणाऱ्या गोष्टी दोनच: ट्यूनरचा आधारस्वर (ज्या वारंवारतेवरून तो बाकी सूर मोजतो) आणि हवेचं तापमान. ट्यूनर ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झवर ठेवलेला असेल तर सगळे सूर सुमारे ८ सेंट उतरलेले दिसतात. तो ४४० वरच होता. मग तापमान विचारलं. नळ्या जुळवल्या होत्या पत्र्याच्या छपराखाली, ३२ अंशांत. तपासणीची खोली होती २२ अंशांवर. हवेतला ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर बदलतो, म्हणजे सुराला जवळपास ३ सेंट. दहा अंशांचे तीस सेंट झाले. वाद्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.

अशा वेळी नळी कापली तर स्पर्धेच्या दिवशी उकाडा असला की तेच सूर चढलेले निघतात. म्हणून खालचं बूच सरकतं ठेवायचं. लाकडी गोल दांड्याचा ४० मिमी लांबीचा तुकडा घ्यायचा, त्यावर टेफ्लॉन टेपचे इतके वेढे द्यायचे की तो जोर लावल्यावरच सरकेल. ३२ वरून २२ अंशांवर येताना मधल्या सप्तकातल्या सा चं (म्हणजे इथला खालचा सा; पांढरी एक, २६१.६ हर्ट्झ) बूच ५.८ मिमी आत जातं, वरच्या सा चं २.९ मिमी. बुचावर पेन्सिलीने तापमानाच्या खुणा करून ठेवल्या की ऐनवेळी अंदाजाने ढकलाढकल करावी लागत नाही. बूच हवाबंद आहे ना, हेही पाहायचं: नळीच्या तोंडाला ओठ लावून हवा ओढली तर ओढ टिकली पाहिजे. हवा गळत असेल तर सूर फुसका येतो किंवा लागतच नाही.

तक्ता वेगळा असता तर निदानही वेगळं निघालं असतं. कित्येक गट नळीची लांबी ध्वनीचा वेग भागिले चौपट वारंवारता एवढीच धरतात. पण कंप पावणारी हवा तोंडाच्या थोडी बाहेरपर्यंत जाते, म्हणून त्या लांबीतून आतल्या त्रिज्येच्या ०.६ पट वजा करावी लागते. आतला व्यास १५ मिमी असेल तर ही वजाबाकी ४.५ मिमी. २० अंशांना मधल्या सा ची नळी ३२८ मिमी नव्हे, ३२३ मिमी हवी. ही दुरुस्ती राहिली तर खालचा सा २४ सेंट उतरतो आणि वरचा सा तब्बल ४७. जितकी नळी आखूड तितकी चूक मोठी, अशी चढती रांग दिसली की तापमानाकडे न जाता सरळ हिशेब तपासावा. शिवाय ओठांनी तोंड जास्त झाकलं तरी सूर उतरतो, म्हणून जुळवणी करणाऱ्यानेच स्पर्धेत वाजवलेलं बरं.

दुसऱ्या गटाच्या, टोले देऊन वाजवायच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ६ मिमी जाडीच्या होत्या. वरच्या सा साठी खालच्या सा च्या अर्ध्या लांबीची पट्टी कापलेली, आणि सूर एक नव्हे, दोन सप्तकं वर. पट्टीत वारंवारता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते; एक सप्तक चढायला लांबी ०.७०७ पट करायची. खालचा सा ३४५ मिमी असेल तर वरचा २४४. इथे १ मिमीची चूक १० ते १४ सेंटांची पडते, म्हणून करवतीने १ मिमी जास्तच ठेवून पुढचं काम कानशीने करावं. टोकं घासली की सूर चढतो, मध्यभागी खालून घासलं की उतरतो. घासताना पट्टी तापते आणि तापलेली पट्टी किंचित उतरते. थंड होऊ दिल्याशिवाय ट्यूनर लावू नये.

याच पट्ट्या ठक्क वाजून लगेच विझतही होत्या, कारण आधार अगदी टोकांना होते. पट्टी दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर स्थिर राहते. ३४५ मिमीच्या पट्टीत ही जागा ७७ मिमीवर येते. गणितावर विश्वास नसेल तर पट्टी फोमवर ठेवून वर बारीक मीठ भुरभुरावं आणि मध्यावर हलके टोले द्यावेत. मीठ सरकत त्या दोन रेषांवर जमा होतं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाड्नी याने १७८७ मध्ये वाळूने दाखवलेली हीच युक्ती, आणि मुलांना ती स्वतः करायला लावल्याशिवाय मी आधारासाठी पट्टीला भोकं पाडू देत नाही. टोला द्यायच्या काठीला रबरी गोळा लावायचा. कडक लाकडाने २.७६ पट वरचा उपस्वर उसळतो आणि ट्यूनर त्यालाच मूळ सूर समजतो.

शेवटचं तंतुवाद्य. मोकळी तार बरोबर, पण प्रत्येक पडद्यावर सूर चढलेला. तार पडद्यांपासून फार उंच असली की दाबताना ताण वाढतो. पडदे उखडायचे नाहीत. आधी घोडी (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) खाली घ्यायची, उरलेली चूक घोडी दोनतीन मिमी मागे सरकवून काढायची. तार नायलॉनची असल्याने ताणत जाते, म्हणून ती दोनतीन दिवस आधी चढवून रोज जुळवायची आणि सूर टिकू लागल्यावरच घोडी चिकटवायची.