सतराव्या पुंगळीला प्रायमर गायब

नेमबाजी क्लबची महिन्याची स्पर्धा होती. तिसऱ्या फेरीत चाप ओढला आणि नुसतंच 'टक्' झालं. काडतूस काढून बुडाकडून पाहिलं तर प्रायमरच्या (ठोका बसला की दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी) जागी रिकामं भोक, आतली दारूही गळून गेलेली. काडतूस मीच आदल्या रात्री गॅरेजमध्ये भरलं होतं, त्यामुळे शिव्या द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

मी अमेरिकेत फीनिक्सला राहतो. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय हे केलं तर सरळ गुन्हा. त्यामुळे इचलकरंजीत वाढलेल्या मला हा छंद लागला तो इथे येऊन, चाळिशीत.

काडतुसं भरायचं माझं यंत्र, म्हणजे प्रेस, प्रोग्रेसिव्ह आहे. एकेका दांड्यासरशी पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच, एक घर पुढे सरकते. जुना प्रायमर निघतो, नवा बसतो, दारू पडते, गोळी बसते. नवे प्रायमर एका उभ्या नळीत एकावर एक शंभर रचलेले असतात. स्वतःच्या वजनाने खालचा एक सरकपट्टीच्या भोकात पडतो आणि पट्टी त्याला पुंगळीखाली नेते. या पट्टीला इथे शटल म्हणतात, म्हणजे आपला मागावरचा धोटा. आमचे अण्णा आयुष्यभर मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, तेव्हा धोट्याची तक्रार कुणाकडे न्यायची हा प्रश्नच नव्हता.

फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी माग मोकळा कर. आणि एका वेळी एकच इस्क्रू फिरव. दोन फिरवलास तर कुठल्यानं चालला ते कळायचं न्हाई."

मोकळा करणं हेच खरं जोखमीचं काम. प्रायमरमधलं रसायन चिमूटभरही नसतं, पण ठोका बसला की पेटावं म्हणूनच ते बनवलेलं असतं. नळीत शंभर असताना एक उडाला तर बाकीचेही त्याच्यामागे जाऊ शकतात. नळीभोवती पोलादी पाइप असतो तो त्यासाठीच. खरं सांगतो, अडकलेला प्रायमर वरून ढोसायला मी सायकलची तार हातात घेतली होती. लाज वाटली, ठेवून दिली. चष्मा लावला, नळी सोडवली आणि प्रायमर हलकेच ताटलीत ओतले.

मग पहिली चाचणी: पुंगळी नाही, दारू नाही. नळीत पन्नास प्रायमर आणि नुसता दांडा. पन्नासच्या पन्नास वाटीत उतरले. म्हणजे नळी आणि धोटा एकमेकांशी नीट बोलत होते, असं मला वाटलं. (पूर्ण खरं नव्हतं, ते पुढे येतंच.) दुसरी चाचणी जुन्या पुंगळ्या घालून, दारू बंद ठेवून. सतराव्या पुंगळीला भोक रिकामं.

पट्टी काढून उलटी केली तेव्हा उलगडा झाला. जुना प्रायमर निघताना त्याच्याबरोबर काजळी आणि बारीक कचरा पडतो. तो पट्टीखाली साठला होता, आणि त्यात मागच्या रात्रीचे दारूचे कण. पट्टी शेवटचा केसभर भाग मागे जातच नव्हती, म्हणून भोक नळीखाली पुरतं येत नव्हतं. प्रायमर चुकला की पुंगळीच्या तळातून दारू गळते, थेट पट्टीवर, आणि अडचण आणखी वाढते. एका चुकीने दुसरी बोलावून आणली होती. कोरड्या ब्रशने सगळं साफ केलं. तेल मुद्दाम नाही लावलं: त्याला कचरा चिकटतो, आणि प्रायमरला लागलं तर तो निकामी होऊ शकतो.

चाळीस पुंगळ्या सुरळीत गेल्या, मग पुन्हा खाडा. या वेळी पट्टी स्वच्छ होती. टॉर्च धरून नळीच्या तळाचं प्लॅस्टिकचं टोक पाहिलं तर त्याचा एक ओठ किंचित आत वळलेला. लहान प्रायमरचा व्यास ०.१७५ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरही नाही. एवढ्याशा वस्तूला तेवढा बाक पुरतो, ती तिरपी होऊन अडून बसते, पण कधीमधीच. पहिल्या पन्नासात त्याने मला फसवलं ते असं. नळी महिन्यापूर्वी माझ्याच हातून फरशीवर पडली होती. नवं टोक चहाच्या किमतीत आलं.

त्या स्पर्धेत दोन काडतुसं दुसऱ्या ठोक्याला उडाली होती, त्याचं खापरही मी धोट्यावर फोडलं होतं. ते वेगळंच प्रकरण. प्रायमर पूर्ण बसला नसेल तर पहिला ठोका त्याला आत ढकलण्यात खर्ची पडतो आणि दुसऱ्याला तो पेटतो. म्हणजे प्रायमर येत होता, मीच दांडा नीट रेटत नव्हतो. आता प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवतो. प्रायमर कडेपेक्षा जरासा खोल लागला पाहिजे. त्या रात्रीची उरलेली सगळी काडतुसं मात्र खोलून टाकली. कुठल्यात दारू किती उरली आहे हे बाहेरून कळत नाही.

शनिवारी पहाटे, गॅरेज तापायच्या आत, शंभर भरायला बसलो. ब्याऐंशी एका लयीत गेली. त्र्याऐंशीव्याला दांडा अडला. मी रेटला नाही. पुंगळी काढून पाहिली तर तळाशी प्रायमरच्या भोकाभोवती दाबलेलं कडं. लष्करी बनावटीची पुंगळी, त्यात प्रायमर घट्ट राहावा म्हणून कारखान्यातच कड दाबलेली असते, ती काढल्याशिवाय नवा आत शिरत नाही. वेचताना नजरेतून सुटली होती. ती डब्यात टाकली आणि उरलेल्या सगळ्यांची बुडं चष्मा वर करून एकेक पाहत बसलो.