पेठ ठरवून स्पॅनिश

२०२२ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनानं नेदरलँड्सला पेनल्टीवर हरवलं आणि मुलाखत देता देता मेस्सी एका डच खेळाडूवर डाफरला, ‘के मिराऽस, बोबो?’ कोल्हापुरात याचा अर्थ कुणी कुणाला विचारला नाही. ‘काय बघालैस, येड्या?’ एवढंच ते. हे म्हणताना मान कशी वळते, ते इथं तालमीच्या कट्ट्यावर रोज बघायला मिळतं.

अडलं ते माझं, म्हणजे मोबाईलवर रीतसर स्पॅनिश शिकणाऱ्या बाईचं. अ‍ॅपमधलं ‘बघतोस’ म्हणजे ‘मीरास’, जोर पहिल्या अक्षरावर. मेस्सीचा जोर शेवटी. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला ‘तू’च म्हणतात, पण अर्जेंटिनात त्याजागी ‘वोस’ चालतो आणि त्याच्या मागोमाग क्रियापदही वळण बदलतं. मेस्सीचं पुढचं वाक्य ‘आंदा पाशा’, म्हणजे ‘जा तिकडं’. त्यातला ‘श’ माद्रिदचा माणूस ‘य’सारखा काढेल. वहीत ‘बघतो आहेस’ लिहायचं आणि गंगावेशीत ‘बघालैस’ म्हणायचं, अशा शहरात वाढलेल्या माणसाला यात खरं तर अवघड वाटू नये. तरी वाटलं.

स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा आहे, म्हणजे पेठाही तेवढ्याच. ‘ग्वाग्वा’ क्यूबात आणि कॅनरी बेटांवर बस असते. चिलीत तीच ग्वाग्वा तान्हं बाळ, क्वेचुआ भाषेतून आलेलं. सँतियागोत जाऊन ‘मला पाचची ग्वाग्वा पकडायचीय’ म्हटलं, तर आया पोरं उचलून घरात नेतील. शिवाय ‘बस पकडणे’साठी स्पेनमध्ये सर्रास चालणारं एक क्रियापद अर्जेंटिनात चारचौघांत उच्चारायचं नसतं, इतकं सांगून थांबतो. (हो, बाईच आहे. आम्ही कोल्हापूरच्या पोरी ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतो. पुण्याचे पाहुणे दचकतात, मग चहा घेतात.)

कोलंबियात सांगतात, ‘नो दार पापाया’, पपई देऊ नकोस. आपली पपई, फळ आणि नाव दोन्ही तिकडूनच आलेलं, त्यामुळं ऐकताना घरचंच वाटतं. अर्थ मात्र हाताला लागत नाही. बोगोटाच्या गर्दीत महागडा फोन मिरवत चाललात, की तुम्ही पपई दिली. म्हणजे दुसऱ्याला आयती संधी. त्याची जोड म्हणही आहे: समोर ठेवलेली पपई म्हणजे कापलेली पपई. चोराइतकाच दोष पपई ठेवणाऱ्याचा! आमच्याकडंही पाकीट मारलं गेलं की पहिला प्रश्न ‘मागच्या खिशात कशाला ठेवलंस?’ हाच असतो.

वीस देशांचे असे वाक्प्रचार वहीत उतरवून पाठ करणारे लोक आहेत. मला ते सगळ्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्सी एकावर एक घालून शाहू स्टेडियमवर उतरल्यासारखे वाटतात. स्पॅनिश शिकायचं तर आधी पेठ ठरवावी, तिथंच नीट रुळावं, बाकीच्यांचं फक्त ऐकून घ्यावं. मी अर्जेंटिना घेतली. का, ते विश्वचषकाच्या महिन्यात आमच्या गल्लीत कुठला झेंडा असतो ते बघितलं की कळेल.

पेठ ठरली की वाक्प्रचारामागची भांडणंही कळायला लागतात. ‘पेचो फ्रीओ’ म्हणजे थंड छातीचा. मराठी कानाला हे कौतुक वाटेल, आपल्याकडं काळजाला थंडावा मिळतो तो चांगलाच. तिकडं ही शिवी आहे, मैदानावर जीव न टाकणाऱ्याला. खुद्द मेस्सीला ती वर्षानुवर्षं खावी लागली: बार्सिलोनासाठी ढीगभर गोल, देशाच्या जर्सीत मात्र छाती थंड. हे ठाऊक असेल तरच ‘के मिराऽस, बोबो’ पुढं टी-शर्टांवर आणि कपांवर का झळकलं, ते उमगतं. एरवी एवढा मोठा खेळाडू मुलाखतीत वसकन अंगावर गेला, यात मिरवण्यासारखं काय? पण ज्याला थंड म्हणून हिणवलं, तो पेटलेला दिसला. लोकांना त्याच्यात आपल्या गल्लीतला पोरगा सापडला.

आता ‘बोलूदो’शी झटापट चालू आहे. कोशात अर्थ मूर्ख, जरा कडक शब्दांत. ब्वेनोस आयरेसमध्ये मात्र जिवलग मित्र एकमेकांना वाक्यागणिक बोलूदो म्हणतात, बाईला बोलूदा. आमच्या पेठेतही दोस्ताला शिवीशिवाय हाक मारली, तर तो घाबरून विचारतो, ‘काय झालं भावा, चिडलास काय?’ अनोळखी माणसाला तोच शब्द वापरला, तर प्रकरण हातघाईवर. तेव्हा मेस्सीच्या गावात, रोझारिओत कुणी पहिल्याच भेटीत मला बोलूदा म्हणालं, तर आधी त्याचं तोंड नीट बघीन. हसायचं की बाह्या सारायच्या, ते मग ठरवीन.