चार सेकंद

"ताई, आमच्या गाण्याच्या आधीचं ते बोलणं कुठे गेलं?"

एवढाच मेसेज. संध्याकाळी आला. ड्रमर एरवी एका वाक्यामागे चार चेहरे टाकतो, आज एकही नाही. तेव्हापासून फोन कितीदा उचलला आणि उत्तर न लिहिता ठेवून दिला, मोजलं नाही.

ते बोलणं म्हणजे काय, ते नीट लिहून ठेवते. बारा बँडची गाणी गोळा करून मी एक कॅसेट काढते आहे. तिची साइड ए, तिसरं गाणं, या ड्रमरच्या बँडचं. मूळ फाइलमध्ये गाण्याच्या आधी चार सेकंद आहेत. खुर्ची करकरते. मग आवाज येतो, "थांब रे, थांब... हं, घे आता." मागे कुणीतरी हसायला लागतं आणि हसू मध्येच गिळतं. मग स्टिक्सचे चार ठोके, आणि गिटार. मी कर्सर पहिल्या ठोक्याच्या जरासा आधी नेला, डावीकडचं सगळं निवडलं आणि उडवलं. वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात, तिथे काही फार दिसतही नव्हतं. सरळ रेघेवर दोन-तीन बारीक गाठी, बस.

तो आवाज कुणाचा आहे हे मला माहीत होतं.

माहीत असून कापलं, की माहीत होतं म्हणूनच कापलं? नको. आज त्यात शिरत नाही.

कापलं ते एकसारखं दिसावं म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. बारा बँडची बारा गाणी, बारा घरची. एकाने तालमीच्या खोलीत फोन जमिनीवर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग. एकाची स्टुडिओतली २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची स्वच्छ फाइल. एकाची हार्ड डिस्क गेली, म्हणून उरलेली १२८ केबीपीएसची, दाबून लहान केलेली एमपीथ्री. स्पेक्ट्रम, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांचं चित्र, उघडला तर सोळा हजार हर्ट्झच्या वर काळोख, सुरीने कापल्यासारखा. झांजांचं वरचं पाणीच गेलेलं. ते परत आणता येत नाही, कितीही ईक्यू फिरवा. अशा बारा गाण्यांचा एक अल्बम वाटायला हवा होता. ऐकणाऱ्याचा हात दर गाण्याला आवाजाच्या बटणाकडे जाऊ नये, एवढीच माझी इच्छा.

ऑनलाइनही हाच मास्टर, म्हणजे ही शेवटची तयार फाइल, जाणार, म्हणून कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास धरली. मीटरवर बाराही गाणी जुळली. डोळे मिटून ऐकलं तर जुळत नव्हती. चौथं गाणं, एक आवाज आणि एक गिटार, शेजारच्या तीन गिटारींच्या गाण्याइतकंच मोठं झालं होतं. ती बाई कानाशी येऊन ओरडते आहे असं वाटायला लागलं. आकडा बरोबर आणि कान म्हणतो, चूक. शेवटी ते गाणं तीन डेसिबलने खाली ठेवलं, तेव्हा कुठे ती पुन्हा हळू बोलायला लागली. म्हणजे सगळं एका मापात बसवणं म्हणजे न्याय नव्हे, हे मला चौथ्या गाण्याला कळलं होतं. मग तिसऱ्याला का नाही?

जागा नव्हती असंही म्हणता येत नाही. कॅसेट सी-साठची, दर बाजूला तीस मिनिटं. साइड ए भरली २९ मिनिटं ५१ सेकंद. नऊ सेकंद उरले होते. माझ्याकडे नऊ होते आणि मी त्याचे चार कापले. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. चार सेकंद म्हणजे एकोणीस सेंटिमीटर. वीतभरसुद्धा नाही. मगाशी टेबलावर हात पसरून बघितलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, त्याहूनही थोडं कमी. त्यात तो आवाज मावत होता.

आणि ते परवानगीपत्र. मीच लिहिलेलं, मीच बारा जणांकडून सही करून घेतलेलं. गाण्याची मालकी बँडचीच राहील, मला फक्त या एका संकलनापुरती परवानगी, मास्टरिंगखेरीज गाण्यात कोणताही बदल करणार नाही. तेव्हा या वाक्याचा अभिमान वाटला होता. छोट्या बँडना कुणी काही लेखी देत नाही, मी दिलं. आता प्रश्न असा की खुर्चीचं करकरणं हे गाणं आहे की गाण्याच्या आधीचं काहीतरी? वकिलाला विचारलं तर तो माझ्या बाजूने बोलेल बहुधा. ड्रमरने वकिलाला विचारलेलं नाही. मला विचारलंय.

खरं सांगायचं तर मेसेज वाचून आधी रागच आला. आठ महिने. बारा बँडच्या मागे लागून फाइली गोळा केल्या, गाण्यांचा क्रम सतरा वेळा बदलला, सगळ्यांची नावं, कोण काय वाजवतं, शुद्धलेखनासकट तपासलं. दोन बँडमधलं ते भांडण मिटवलं (मिटलं का, तेही धड माहीत नाही). काल रात्री सगळ्यांना मास्टर पाठवला आणि आज दिवसभर फोन जवळ घेऊन बसले. चार जणांचं "ऐकतो". एकाला आपलं गाणं साइड बीवर का, हे हवं होतं. बाकीचे गप्प. "छान झालंय" एवढंसुद्धा कुणाला सुचू नये? आणि जो एक मेसेज आला तो चार सेकंदांचा हिशोब मागणारा. रडू आलं. आपण कुणासाठी करतोय हे, असं वाटून दिवे बंद करून बसून राहिले.

अंधारात नगेट्स आठवला. लेनी के या गिटारवादकाने १९७२ साली केलेलं ते अमेरिकी रॉक बँडच्या गाण्यांचं संकलन, दोन एलपी, सत्तावीस गाणी. त्यातली बहुतेक १९६५ ते ६८ या काळातली, म्हणजे जेमतेम चार ते सात वर्षांपूर्वीची. तेवढ्यात त्यातले किती तरी बँड फुटले होते, लोक विसरलेही होते. सात वर्षं म्हणजे काहीच नाही. आपल्या बारांपैकी तिसऱ्या गाण्याचा बँड तर आत्ताच नाही. जे चौघे त्या खोलीत होते ते पुन्हा त्या खोलीत बसणार नाहीत. गाणं त्यांनी आणखी दोनदा रेकॉर्ड केलंय, निराळ्या लोकांना घेऊन. "हं, घे आता" मात्र एकदाच.

आणि हे सगळं उगाळत असताना अचानक लक्षात आलं की त्याने शून्यापासून ऐकलंय. पहिला ठोका पडायच्या आधी तो कान लावून बसला होता. बोलणं येईल म्हणून थांबला, आणि आलं नाही. दिवसभर मी म्हणते आहे, कुणी ऐकलं नाही. त्याने तर नसलेलंसुद्धा ऐकलं. यानंतर राग धरून ठेवता आला नाही. बरं वाटलं असंही नाही म्हणणार, पोटात कालवलंच. पण बाकीच्यांकडून कौतुक यावं ही जी दिवसभराची आशा होती ती सुटली, आणि सुटली ते चांगलं झालं. त्यांनी मला गाणी दिली आहेत. आणखी काय द्यायचं.

दिवे लावले, प्रोजेक्ट उघडलं. मूळ फाइल तशीच होती, नशीब. तुकडा जागेवर नेला. उघडी सुरुवात खडबडीत वाटू नये म्हणून अगदी आधी पाव सेकंदाचा फेड इन दिला, खुर्चीच्या करकरण्याला धक्का न लावता. आता दुसरं गाणं संपतं, शांतता होते, आणि कुणीतरी खोलीत असल्याचं कळतं. "थांब रे, थांब." इथे मी प्लेबॅक बंद केला आणि थोडा वेळ तशीच बसले.

मग बाकीच्या अकरा मूळ फाइली एकेक करून काढल्या. पाचव्या गाण्याच्या शेवटी बासची खालची तार अजून घुमत असताना मी फेड आउट संपवलाय. त्या मुलीने काही म्हटलेलं नाही. तिने ऐकलं असेल का, कोण जाणे.

ड्रमरला लिहिलं, "चुकलं माझं. परत ठेवलंय. सकाळी नवी फाइल पाठवते." दोन वाजता लगेच निळ्या खुणा झाल्या. तोही जागाच आहे. उत्तर आलं नाही.

साइड ए आता २९ मिनिटं ५५ सेकंद. पाच उरलेत. त्यातले दोन त्या तारेला देते.