तुम्ही विचारलंत म्हणून: बॅडमिंटन दुहेरीत दुसरी पार्टनर का घेत नाही?

नातेवाईक विचारतात, पत्रकार विचारतात, सकाळी शेजारच्या कोर्टवर घाम गाळायला येणारे काकाही विचारतात. "पार्टनरचा गुडघा गेला, वाईट झालं. पण तू तर धडधाकट आहेस ना? मग दुसरी घे की!" मी "बघू" म्हणते आणि शूजच्या नाड्या बांधायला वाकते. आता एकदा नीट उत्तर देते.

"तोवर सिंगल्स खेळ" म्हणणाऱ्यांना आधी वाटेला लावते. माझं सगळं शिक्षण नेटपाशी उभं राहून शटल अडवायचं आहे. सिंगल्सच्या मुली चारही कोपरे एकटीने धावतात. त्यांच्यासमोर मी क्वालिफाइंगच्या पहिल्याच फेरीत गारद होईन. विषय संपला.

मग दाखले येतात. पहिला ग्रेसिया पोलीचा. रिओ ऑलिंपिकनंतर तिची जुनी जोडी संपली, २०१७ मध्ये दहा वर्षांनी लहान अप्रियानी राहायूबरोबर नवी जमली आणि २०२१ मध्ये टोकियोत दोघींनी इंडोनेशियाला महिला दुहेरीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. मला माहीत आहे हो. तुमच्या आधीपासून माहीत आहे. पण पोली तेव्हा तिशीला टेकलेली, दोन ऑलिंपिक खेळून आलेली खेळाडू होती. नव्या मुलीला सांभाळून घेण्याइतकं तिच्या गाठीशी होतं. माझ्या गाठीशी काय आहे, ते पुढे सांगतेच.

दुसरा दाखला स्पेनच्या कॅरोलिना मरीनचा: दोन्ही गुडघे गेले तरी परत आली. आली. आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात पुढे असताना तिचा उजवा गुडघा पुन्हा गेला, आणि २१-१४, १०-८ अशी आघाडी असताना तिला सामना सोडावा लागला. त्यामुळे अंतिम फेरीत गेलेली चीनची खेळाडू हे बिंगजियाओ पदक घेताना स्पेनची पिन हातात धरून उभी होती. तो सामना मी पुन्हा बघू शकत नाही. पण मरीन एकेरीची खेळाडू. तिचे गुण, तिची क्रमवारी, तिचं थांबणं, सगळं तिचं एकटीचं. दुहेरीत क्रमवारी जोडीची असते. ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० स्पर्धांचे गुण धरतात, आणि दर मंगळवारी नवी यादी लागते तेव्हा वर्षापूर्वीच्या आठवड्याचे गुण गळतात. जोडीतली एक पडली की दोघींचे गळतात. नवी जोडी केली तर जुने गुण तिच्या नावावर येत नाहीत. नव्या नावांसमोर शून्य.

आता आमचा तो सामना. पहिला गेम आमचा होता, दुसऱ्यात १४-११ ने पुढे होतो. माझी पार्टनर डावखुरी, मागून मारणारी, मी पुढे. पुढच्या मुलीने मागे वळून बघायचं नसतं. मान वळवलीत तर समोरून येणारं शटल तुमच्या अंगावर. मागे काय चाललंय ते कानांनी कळतं: बुटांची करकर, रॅकेटचा आवाज, आणि तिची हाक. "सोड" म्हणाली की मी डोक्याजवळून जाणारं शटल सोडायचे, ते बाहेर जातंय का हे न बघता. त्या रॅलीत तिने बॅकहँडच्या कोपऱ्यात जाऊन डोक्यावरून स्मॅश मारला. समोरच्यांनी परत उंच उचललं. मी रॅकेट वर धरून पुढच्या स्मॅशची वाट बघत राहिले. आवाजच येईना. समोरच्या दोघींपैकी एकीने रॅकेट खाली केली, तिचं तोंड उघडं राहिलं, आणि शटल माझ्या मागे पडलं. अर्धा क्षण मला राग आला होता, हे लिहूनच टाकते. मारलं का नाही?

मग वळले. ती उजवा पाय धरून पडली होती. स्मॅश मारून त्या एकाच पायावर उतरली होती. अशा फटक्यानंतर रॅकेटच्या विरुद्ध बाजूच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटू शकतं, हे आम्हाला सगळ्यांना पाठ असतं. रेफरी आले, डॉक्टर आले. कोचना कोर्टवर यायची परवानगी नसते. ते खुर्चीवरून अर्धे उठून उभे. अंपायरने वाकून तिला विचारलं, सामना सोडताय का? तिने होकारार्थी मान हलवली. दुहेरीत बदली खेळाडू नसते, म्हणजे सामना मीही सोडला होता. मला कोणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. मी काय म्हणणार होते? तरी तेवढं एक मनात अडकलंय. समोरच्या दोघींशी हात मिळवले, मग अंपायरशी, आणि दोन्ही किटबॅगा उचलून स्ट्रेचरमागे चालू लागले.

त्यानंतर एका मुलाखतीत मी ठणकावून सांगितलं की आम्ही दोघीच परत येऊ, मी थांबणार. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं: बाई, तुला हे वचन मागितलं कोणी? तिने? नाही. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं ते लिगामेंट, तुटलं की नऊ महिने ते वर्ष, तेही सगळं सुरळीत झालं तर. तेव्हाची मी मला ऐकवते, "निष्ठा म्हणजे निष्ठा." मी म्हणते, निष्ठा की सोय? कारण दुसरी एक शंका आहे, आणि ती मुलाखतीत बोलण्यासारखी नाही. मागून माझी पार्टनर इतकं जोरात मारायची की समोरून येणारं शटल मऊच यायचं. ते नेटवर दाबलं की लोक म्हणायचे, काय हुशार खेळते! नव्या पार्टनरबरोबर ती हुशारी उरली नाही तर?

सरावात एका ज्युनिअर मुलीबरोबर उभी राहते. चांगली आहे, पायांत विजा आहेत. डावी-उजवी जोडी असताना मधल्या शटलचा आमचा हिशोब वेगळा होता. आता दोघी उजव्या, म्हणजे डावीकडे उभी असेल तिने फोरहँडने घ्यायचं. डोक्याला कळतं. पण ती "सोड" ओरडते आणि मी सोडत नाही. बाहेर जाणारं शटल मारून बसते. दर वेळी तीच "सॉरी ताई" म्हणते.

आणि माझी पार्टनर? ती फोनवर म्हणते, "खेळ की, मी काय तुला बांधून ठेवलंय?" त्यानंतर दोन दिवस मेसेजला उत्तर देत नाही. यातलं खरं कुठलं धरायचं?

पुढच्या स्पर्धेसाठी शुक्रवारपर्यंत नावं पाठवायची आहेत. त्या ज्युनिअर मुलीला दुसरीकडूनही विचारणा आली आहे. तिची आई रोज सराव संपेपर्यंत हॉलमध्ये बसून असते. तिला माझ्याकडून हो किंवा नाही हवंय. तिचं काही चुकत नाही.