हरणाऱ्या बाजूची तीन मिनिटं

मंगळवारी दुपारी दोनला ऑफिसची मीटिंग नसेल, तर लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात मी डॉलचं थेट प्रक्षेपण लावते. डॉल म्हणजे आयरिश संसदेचं खालचं सभागृह. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस तिथे लीडर्स क्वेश्चन्स असतात. विरोधी नेत्याला प्रश्नासाठी तीन मिनिटं, पंतप्रधानांना (गुरुवारी सहसा उपपंतप्रधानांना) उत्तरासाठी तीन, मग पुन्हा दोघांना एकेक मिनिट. वेळ संपली की सभापती सरळ पुढचं नाव पुकारतात. लांबण लावायची सोयच नाही, म्हणून मला हा प्रकार आवडतो.

नीलेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे अजिबात कळत नाही. "बहुमत सरकारकडे, मतदानात हे हरणार हे त्यांनाही माहीत. मग कशाला घसा कोरडा करायचा?" प्रश्न रास्त आहे. मला त्याचं थोडंफार उत्तर मिळालं ते २०२३च्या मार्चमध्ये, आणि आमच्याच मतदारसंघाच्या एका टीडीमुळे. टीडी म्हणजे इथले आमदार-खासदार काय म्हणाल ते.

आम्ही ॲडम्सटाउनला राहतो, डब्लिनच्या पश्चिमेला. मतदारसंघ डब्लिन मिड-वेस्ट. विरोधातल्या शिन फेन पक्षाचे ओवेन ओ ब्रिन २०१६ पासून इथून निवडून येताहेत आणि पक्षाच्या वतीने घरांच्या प्रश्नावर तेच बोलतात. दाढीवाले, शांत गृहस्थ. त्यांच्या पक्षाध्यक्ष मेरी लू मॅकडोनल्ड बोलायला उभ्या राहिल्या की समोरच्या बाकांवर ठिणग्या उडतात. ओ ब्रिन आवाज चढवत नाहीत. आकडा सांगतात, तो कोणत्या सरकारी अहवालातून घेतला ते सांगतात आणि मंत्र्यांना एकच नेमका प्रश्न विचारून खाली बसतात. आरडाओरडीला मंत्री आरडाओरडीनेच उत्तर देऊन मोकळे होतात. इथे मात्र काहीतरी बोलावंच लागतं.

त्या हिवाळ्यात भाडेकरूंना घराबाहेर काढायला बंदी होती. ३० ऑक्टोबर २०२२ ते ३१ मार्च २०२३. भाडं वेळेवर भरणाऱ्याला, घरमालकाला घर विकायचंय एवढ्याच कारणावरून, त्या काळात बाहेर काढता येत नव्हतं. नोटीस देता येत होती, अंमल मात्र पुढे ढकललेला. आमच्या घरमालकाची नोटीस फेब्रुवारीत आली. घर विकायचंय, १८० दिवसांत रिकामं करा. पत्र अगदी सभ्य भाषेत, शेवटी शुभेच्छा वगैरे. भाडेकराराला एक वर्ष उलटून गेलेलं आणि सात व्हायची होती, त्यामुळे कायद्याने १८० दिवस मिळतात, म्हणजे ऑगस्ट.

मार्चच्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने ठरवलं की बंदीची मुदत वाढवायची नाही. पंतप्रधान तेव्हा लिओ वराडकर. हो, तेच, मालवणजवळच्या वराडचे. इथल्या मराठी मंडळींत त्यांचं नाव निघालं की अजूनही सगळ्यांचे चेहरे खुलतात. त्या महिन्यात माझा मात्र काही केल्या खुलला नाही. सरकारचं म्हणणं असं होतं की बंदी लांबवली तर लहान घरमालक धंद्यातून बाहेर पडतील आणि भाड्याची घरं आणखी कमी होतील. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. आमचा घरमालक एकाच फ्लॅटचा धनी होता आणि तो बाहेरच पडत होता.

मग शिन फेनने ठराव आणला: बंदी जानेवारी २०२४च्या अखेरपर्यंत वाढवा. तो मंजूर होऊन तसा कायदा झाला असता, तर आमची ऑगस्टची तारीख पुढे गेली असती. माझे बाबा तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. जिल्हा परिषदेत जन्म गेलेला माणूस. सभा, ठराव, तहकुबी यांत त्यांना भारी रस. ती चर्चा आम्ही दोघांनी बसून पाहिली. पहिली गोष्ट त्यांनी टिपली ती म्हणजे रिकामे बाक. बोलणारा एक, त्याच्या मागे दोघं-तिघं कॅमेऱ्यात दिसतील असे बसलेले, समोर लिहून आणलेलं भाषण वाचणारा एखादा राज्यमंत्री. बाकी सभागृह ओस. आणि मतदान पुकारून घंटा वाजायला लागल्या की बिळातून निघावेत तसे सगळे हजर. "अगं, एवढे सगळे होते कुठे?" बाबांनी विचारलं. आपापल्या खोल्यांत, समित्यांत, कॅन्टीनमध्ये. भाषण ऐकून मत बदललं असा माणूस तिथे शोधून सापडायचा नाही, कारण मत पक्षाच्या कार्यालयात आधीच ठरलेलं असतं.

ठराव २२ मार्चला पडला, ८३ विरुद्ध ६८. पक्षाच्या विरोधात गेलेली एक बाई मात्र निघाली. नेसा हूरिगन, सत्तेत भागीदार असलेल्या ग्रीन पक्षाच्या. त्यांनी विरोधकांच्या बाजूने मत दिलं आणि पक्षाने त्यांना पंधरा महिन्यांसाठी निलंबित केलं. आठवड्याभरात लेबर पक्षाने अविश्वास ठराव मांडला. सरकारने त्यावर स्वतःचाच विश्वासदर्शक ठराव आणला, इथली ही जुनी रीत आहे, आणि तो ८६ विरुद्ध ६७ मतांनी जिंकला. बाबा म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी."

आम्ही उन्हाळ्यात घर बदललं. ॲडम्सटाउनमध्येच, पण नव्या इमारतीत. नवं बांधकाम असल्याने पहिलं भाडं ठरवताना २ टक्के वाढीची मर्यादा लागू नव्हती. महिन्याचा फरक काय पडला ते लिहीत नाही, उगीच रक्तदाब वाढतो. आमचं निभावलं, दोघांचे पगार आहेत. २०२३च्या जानेवारीअखेर देशात आपत्कालीन निवाऱ्यात ११,७५४ बेघर माणसं होती. २०२५मध्ये हा आकडा १६,०००च्या पुढे गेला, त्यात पाच हजारांहून जास्त मुलं. बंदी राहिली असती तर तो किती कमी असता, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण ओ ब्रिन तेव्हा जे विचारत होते, की १ एप्रिलनंतर ही कुटुंबं जाणार कुठे, ते संसदेच्या अधिकृत नोंदीत आहे आणि त्याला दिलेली उत्तरंही आहेत. कुणीही आज संकेतस्थळावर जाऊन ती वाचू शकतो. मी वाचते.

खरं काम तर भाषणांपेक्षा लेखी प्रश्नांत चालतं. टीडी मंत्र्याला लेखी प्रश्न टाकतात, उत्तर काही दिवसांत येतं आणि प्रसिद्ध होतं. वाचायला रूक्ष. पहिले तीन परिच्छेद सरकार किती कटिबद्ध आहे यावर, मग योजनेचा इतिहास, मग निधीची रक्कम, आणि शेवटी विचारलेल्या गोष्टीबद्दल एक ओळ: हा विषय स्थानिक प्राधिकरणाच्या कामकाजाचा आहे. आरोग्याबद्दल विचारलं तर प्रश्न आरोग्य सेवेकडे पाठवला आहे, ती थेट कळवेल. बाबांना मी एक उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं, तर ते हसत सुटले. असली उत्तरं त्यांनी स्वतः आयुष्यभर तयार केली होती. पण चिकाटीचा माणूस तोच प्रश्न थोडा फिरवून पुन्हा टाकतो, मग पुन्हा. दहा उत्तरांतून एखादा कोष्टकाचा तुकडा हाती लागतो आणि तोच मग मंगळवारच्या तीन मिनिटांत ऐकू येतो.

नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीचंच घ्या. प्रचारात मंत्री सांगत होते की यंदा जवळपास चाळीस हजार घरं पुरी होतील. विरोधक म्हणत होते, हिशोब जुळत नाही. जानेवारीत केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाचा आकडा आला: ३०,३३०. आदल्या वर्षीपेक्षाही कमी. तोवर मतं पडून गेली होती. पक्षांच्या जागा: फिअना फॉल ४८, शिन फेन ३९, फिना गेल ३८, आणि पहिल्या-तिसऱ्याने अपक्षांना घेऊन पुन्हा सरकार केलं. त्या अपक्षांतल्या काहींना सरकारला पाठिंबाही द्यायचा होता आणि विरोधकांच्या वाट्याचा बोलायचा वेळही हवा होता! २२ जानेवारी २०२५ला यावरून एवढा गोंधळ झाला की पंतप्रधान निवडण्यासाठी बोलावलेलं सभागृह न निवडताच उठलं. मिहॉल मार्टिन यांची निवड दुसऱ्या दिवशी झाली. बाहेरून पाहणाऱ्याला हे पोरकट वाटलं. मला नाही वाटलं. मतं मोजली की ज्यांचं हरणं ठरलेलंच, त्यांच्याकडे उरतात ती ही मिनिटंच. त्यावरही कुणी हात मारला तर भांडायला नको?

आणि मतदान जिंकलं तरी जिंकलेच असंही नाही. इथल्या घटनेच्या १७व्या कलमामुळे, ज्या विधेयकाला सरकारी तिजोरीतून खर्च लागेल त्याला सरकारची लेखी शिफारस लागते. ती दिली नाही की विधेयक समितीतच अडकतं. इस्रायली वसाहतींतल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारं, अपक्ष सिनेटर फ्रान्सिस ब्लॅक यांचं विधेयक जानेवारी २०१९मध्ये डॉलमध्ये ७८ विरुद्ध ४५ मतांनी पुढे सरकलं आणि तिथेच बसलं. जून २०२५मध्ये सरकारने त्याच विषयावर स्वतःचा मसुदा मंजूर केला. त्याच महिन्यात भाडेवाढीची मर्यादा साऱ्या देशाला लागू झाली, जी मागणी विरोधक कधीची करत होते. सोबत मार्च २०२६पासून नव्या भाडेकरारांसाठी नियम सैल करायची घोषणा होती, आणि त्यावर ओ ब्रिन पुन्हा उभे.

म्हणून मी त्यांची भक्त आहे असं समजू नका. २०२४मध्ये त्यांच्या पक्षाने परवडणाऱ्या घरांची योजना मांडली: घर तुम्ही घ्यायचं, जमीन सरकारची राहणार, आणि विकायचं तर ठरावीक किमतीला, पात्र गिऱ्हाइकालाच. बँका अशा घरावर कर्ज देतील का, असं सरकार पक्षाने विचारलं. तेव्हा मिळालेली उत्तरं मी ऐकली आहेत, आणि ती ऐकताना मला त्या लेखी उत्तरांचीच आठवण झाली.

आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेलाय. स्थानिक निवडणुकीत इथे राहणाऱ्या कुणालाही मत देता येतं, ते आम्ही २०२४मध्ये दिलं. डॉलसाठी आम्हाला नागरिकत्व लागतं. मतपत्रिकेवर पसंतीचे क्रमांक लिहायचे असतात, एक, दोन, तीन, वाटेल तितके. नीलेशचा एक नंबर ठरलाय: पॉल गोगर्टी, ल्यूकनचे अपक्ष. हेच ते गृहस्थ ज्यांनी २००९मध्ये, ग्रीन पक्षात असताना, भर सभागृहात एका विरोधी सदस्याला शिवी घातली होती आणि माफीही मागितली होती. नंतर कुणीतरी असंसदीय शब्दांची यादी काढून पाहिली, तर तो शब्द यादीत नव्हताच.

माझं म्हणणं, ओ ब्रिन यांना विरोधी बाकावर बसवायचं असेल तर मी एक नंबर देईन, मंत्री करायचं असेल तर तीन. मतपत्रिकेवर तशी सोय नाही. नीलेश म्हणतो, मग गोगर्टींनाच एक दे आणि विषय मिटव.