चाळणीत उरलेलं तळं

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय ठरवताना मी फार डोकं चालवलं नव्हतं. पुण्यातला पाषाण तलाव घरापासून स्कूटीवर दहा मिनिटं. तिथल्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे वनस्पती प्लवक, किती प्रकारचं आहे ते मोजायचं आणि तुलनेला खडकवासल्याचं पाणी घ्यायचं. बघायचं, ओळखायचं, वहीत लिहायचं, एवढंच काम आहे असं तेव्हा वाटत होतं.

परवानगीचं पत्र एका कार्यालयात दोनदा गहाळ झालं, त्यात पावसाळा गेला. नोव्हेंबर उजाडला तेव्हा कॉलेजची प्लवक जाळी घेऊन काठावर उभी राहिले. जाळी म्हणजे कापडी नरसाळं, खाली छोटी बाटली, कापडाचं भोक 20 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). बादलीने मोजून 50 लिटर पाणी त्यातून ओतायचं. सकाळी आठला पक्षी बघायला आलेले काका लोक दुर्बीण खाली करून माझ्याकडे बघायचे. एकाने विचारलंसुद्धा, "मासे धरतेस का गं?" पाषाणला जलपर्णीचा कचरा इतका, की पंधराव्या-सोळाव्या बादलीनंतर जाळी तुंबायची आणि पाणी खाली उतरायचंच नाही. मग मी जाळी बाहेरून थोपटायची, हलवायची, आणि पुढच्या बादल्या ओतायची. तीन महिने असंच केलं.

जानेवारीअखेर प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमना सापडलेल्या शेवाळांची यादी दाखवली. पेडियास्ट्रम होतं, मायक्रोसिस्टिसचे पुंजके होते, स्पायरोगायराचे तुकडे होते. मॅडमनी यादीवरून बोट फिरवलं.

"क्लोरेला कुठंय? सायक्लोटेला?"

"दिसले नाहीत, मॅडम."

"दिसतील कसे? तुझ्या जाळीचं भोक वीसचं आणि क्लोरेला पाच-सात मायक्रॉनचा. हे तळ्यातलं नाही गं, चाळणीत उरलेलं आहे."

पुढे त्यांनी तुंबलेल्या जाळीचं विचारलं. ती तुंबत जाते तसं भोक लहान होत जातं, म्हणजे पहिल्या बादलीला एक चाळणी आणि विसाव्या बादलीला दुसरीच. त्यावरून लिटरमागे किती हा आकडा काढायचा नसतो. तीन महिन्यांच्या माझ्या आकड्यांवर त्यांनी पेन्सिलीने हलकीशी तिरकी रेघ मारली. पेनने मारली असती तर मी तिथेच रडले असते.

मग पहिल्यापासून सुरुवात. आता जाळी नाही, एक लिटर कच्चं पाणी जसंच्या तसं बाटलीत भरायचं आणि त्यात ल्युगॉल, म्हणजे आयोडीनचं द्रावण, घालायचं. ते आम्हीच बनवलं: 20 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, 10 ग्रॅम आयोडीन, 200 मिली पाणी आणि 20 मिली ग्लेशियल असेटिक ॲसिड. शंभर मिली नमुन्याला 0.3 मिली पुरतं. रंगावरून अंदाज येतो, बिनदुधाच्या फिक्या चहासारखा दिसला की झालं. आयोडीनने पेशी मरतात, जागच्या जागी टिकतात आणि जड होऊन तळाशी बसतात. हिरव्या शेवाळातल्या स्टार्चला आयोडीन लागून ते काळपट दिसतं, त्यामुळे रंगावरून ओळखायची सवय मात्र सोडावी लागते.

पहिली खेप मी पारदर्शक बाटल्यांत भरून खिडकीपाशी ठेवली होती. आठवड्याने बघते तर चहाचा रंग उडून नुसतं पाणी दिसत होतं. उजेडाने आयोडीन उडतं. तेव्हापासून तपकिरी बाटल्या आणि बंद कपाट.

बाटली 48 तास न हलवता ठेवायची, मग वरचं पाणी हळूच काढून तळचं 20 मिली राखायचं. वरचं पाणी काढायला फिशटँकच्या एअरपंपाची नळी वापरली, तिच्या तोंडाला जाळीच्या कापडाचा तुकडा बांधून. हे नीट जमायला चार बाटल्या वाया गेल्या.

मार्चमध्ये पाषाणच्या बाटल्यांनी वेगळंच नाटक केलं. दोन दिवसांनी तळाशी गाळ आहे, आणि वर हिरवट साय तरंगते आहे. मायक्रोसिस्टिस हे निळं-हिरवं शेवाळ, त्याच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे ते बुडतच नाही. म्हणजे वरचं पाणी काढून टाकताना मी नेमका तळ्यातला सगळ्यात मोठा गट मोरीत ओतणार होते. मॅडम म्हणाल्या, हातोडा आण. मला वाटलं थट्टा करताहेत. जाड प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, घट्ट बूच बसवायचं आणि बुचावर एक ठोका द्यायचा. दाबाने पोकळ्या फुटतात. लॅबच्या मामांनी हातोडा दिला आणि स्वतःच ठोकलाही, "तुझ्या हातून बाटली फुटंल," म्हणून. संध्याकाळपर्यंत साय तळाशी गेलेली होती. मामांनी ते तीन वेळा वाकून बघितलं.

मोजायला सेजविक-राफ्टर पट्टी. 50 मिमी लांब, 20 रुंद, 1 खोल, म्हणजे बरोबर एक मिली, त्यावर हजार चौकोन आखलेले. काच तिरकी ठेवून कोपऱ्यातून थेंब सोडायचे, पंधरा मिनिटं बसू द्यायचं. हिची अडचण अशी, की खोली एक मिलीमीटर असल्याने सूक्ष्मदर्शकाचं 40 पटीचं भिंग आत पोचत नाही. मोठं भिंग लावायचं तर साधी स्लाइड वेगळी करायची. म्हणून मी आधी साध्या स्लाइडवर नावं ठरवायची, देसिकाचारींचा 1959 चा निळ्या-हिरव्या शेवाळावरचा ग्रंथ उघडा ठेवून, आणि मग पट्टीवर फक्त मोजायचं. किमान 400 मोजले तर चूक साधारण 10 टक्के राहते; शंभरावर थांबलं तर 20. तिनशेच्या पुढे डोळे चुरचुरायला लागतात, तेव्हा हे गणित फार उपयोगी पडतं, हट्टाने बसायला.

खरी मारामारी पुढे झाली. मायक्रोसिस्टिसचा एक पुंजका म्हणजे एक, की त्यातल्या दोनशे पेशी म्हणजे दोनशे? शॅननचा निर्देशांक, म्हणजे जातींची विविधता सांगणारा आकडा, काढायला बसले तेव्हा कळलं हे किती महागात पडतं. समजा दहा जाती आहेत आणि प्रत्येकीचे दहा दाणे. निर्देशांक 2.30. आता त्यातली एक मायक्रोसिस्टिस आहे, तिचे दहा पुंजके, प्रत्येकात दोनशे पेशी. पेशी मोजल्या की तोच नमुना 0.27 वर येतो. तळं तेच, बाटली तीच, फक्त मोजणाऱ्याने ठरवलं काय मोजायचं. मी दोन्ही आकडे लिहिले, आणि पद्धतीच्या प्रकरणात पुंजक्यातल्या पेशी कशा अंदाजल्या ते एका परिच्छेदात. तो परिच्छेद मी नऊ वेळा लिहिला.

क्लोरोफिलही काढलं, 90 टक्के ॲसिटोनमध्ये रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून. त्यासाठी ल्युगॉल न घातलेलं पाणी वेगळं आणावं लागतं, ही अक्कल दुसऱ्या खेपेला आली. क्लोरोफिल किती आहे ते सांगतं, कोण आहे ते नाही. डीएनएवरून ओळखायचं म्हटलं तर निळ्या-हिरव्यांसाठी 16एस नावाचं जनुक आणि बाकीच्यांसाठी 18एस, अशा दोन वेगळ्या चाचण्या. आमच्या बजेटमध्ये दोन काय, एकही बसली नाही.

मे महिन्यात मामा म्हणाले, "ताई, त्या जुन्या बाटल्या धुऊ का? जागा अडलीय." जाळीच्या नमुन्यांबद्दल बोलत होते. फेकण्याआधी एकदा बघावं म्हणून थेंब घेतला, तर जानेवारीच्या खडकवासल्याच्या बाटलीत सेराशियम नावाचं शिंगांचं प्लवक होतं, शिंगं पसरून. माझ्या एकाही एक लिटरच्या बाटलीत ते आलं नव्हतं. विरळ असलेलं सापडायला 50 लिटर पाणीच लागतं. मामांना थांबवलं आणि यादीत सेराशियमपुढे लिहिलं: फक्त जाळीत.