अकरा पूर्णांक एक चतुर्थांश दिवस

आठवीच्या 'अ' तुकडीत असताना मी एक उदाहरण चुकवले होते आणि ते चुकीचे उत्तर मला आजही पाठ आहे. 'एक काम १२ मजूर १५ दिवसांत पूर्ण करतात, तर तेच काम ९ मजूर किती दिवसांत पूर्ण करतील?' मी १५ ला ९ ने गुणले, १२ ने भागले आणि 'अकरा पूर्णांक एक चतुर्थांश दिवस' असे लिहून त्याखाली मोठ्या दिमाखात दोन रेघा ओढल्या. गणिताच्या बाईंनी वही पाहिली, गुणाकार आणि भागाकार दोन्ही बरोबर असल्याचे सांगितले आणि शांतपणे विचारले, "तीन माणसे कामावर आली नाहीत, म्हणून काम पावणेचार दिवस आधी उरकले का रे?"

वर्ग हसला, मीही थोड्या वेळाने हसलो. त्रैराशिकाची, म्हणजे तीन दिलेल्या संख्यांवरून चौथी काढण्याची, मांडणी आम्हाला पाठ होती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे आहेत आणि इच्छा वाढली की फल घटते त्या प्रकाराला व्यस्त त्रैराशिक म्हणतात, हेही बाईंनी सांगितले होते. तरीही मी सम आणि व्यस्त यांची गल्लत केली होती, कारण मी उदाहरण वाचलेच नव्हते. त्यातले फक्त आकडे उचलले होते.

बाईंनी ते उदाहरण फळ्यावर पुन्हा घेतले, पण सूत्र वापरले नाही. १२ गुणिले १५ बरोबर १८० एवढे लिहून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे १८० काय?" कोणी मजूर म्हणाले, कोणी दिवस. दोन्ही उत्तरे चुकीची होती. एका माणसाने एका दिवसात केलेले काम हे एक माप धरले, तर संपूर्ण काम अशा १८० मापांचे होते. रोजगार हमीच्या कामांवर ज्याला मनुष्यदिन म्हणतात, तेच हे माप. हे एकदा ध्यानात आले की ९ माणसे रोज ९ मापे संपवतील आणि काम २० दिवस चालेल, हे सांगायला सूत्र लागत नाही.

त्या दिवसापासून आमच्या वह्यांत संख्येपुढे ती कशाची आहे हे लिहिण्याचा नियम सुरू झाला आणि तो बाईंनी इतक्या कठोरपणे पाळायला लावला, की त्या वर्षी आम्हाला तो छळच वाटला. बीजगणितात 'मुलगा = क्ष' असे लिहिले की एक गुण जाई. मुलगा ही संख्या नव्हे. 'मुलाचे आजचे वय क्ष वर्षे मानू' असेच लिहायचे. वडिलांचे वय मुलाच्या तिप्पट आहे आणि १२ वर्षांनी ते दुप्पट होईल, या उदाहरणात अर्धा वर्ग १२ वर्षे फक्त वडिलांच्या वयात मिळवी, कारण 'आजचे' हा शब्द लिहायचा राहिलेला असे. तो शब्द लिहिला की ३क्ष + १२ = २(क्ष + १२) हे समीकरण आपोआप उभे राही आणि मुलगा १२ वर्षांचा, वडील ३६ वर्षांचे निघत.

दुसरा राग बरोबरच्या चिन्हावरून असे. १२ × १५ = १८० ÷ ९ = २० अशी एका ओळीत आगगाडी चालवणाऱ्यांना बाई विचारत, "म्हणजे १२ गुणिले १५ बरोबर २०?" उत्तर बरोबर असूनही ओळ खोटी असू शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पुढची पायरी नव्या ओळीवर, आरंभी 'म्हणून'ची तीन टिंबे देऊन लिहायची.

ताळा पाहण्याबद्दल मात्र माझे बाईंशी मनातल्या मनात भांडण होते. ३४७ गुणिले २८ बरोबर ९७१६ हे नवाच्या ताळ्याने, म्हणजे अंकांच्या बेरजा करून, पडताळता येते, पण अंकांची अदलाबदल होऊन ९१७६ लिहिले गेले तरी ताळा जुळतोच. मी हे भर वर्गात दाखवून दिले, तेव्हा बाईंनी "ताळा चूक पकडतो, बरोबर असल्याचा दाखला देत नाही" असे म्हणून मला बसवले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. माझे दाखवून देणेही अनाठायी नव्हते, असे मला अजून वाटते.

आज मी बांधकामाची अंदाजपत्रके तयार करतो. एकास दोनास चार (एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी) या प्रमाणातल्या एक घनमीटर काँक्रीटसाठी सिमेंट किती, हा प्रश्न नवीन मुलांना दिला की ते सरळ एकाला सातने भागतात आणि चारच्या आसपास बॅगा काढतात. पण पाणी घालून कालवल्यावर आणि ठोकल्यावर कोरडा माल आकसतो. एक घनमीटर ओल्या काँक्रीटला सुमारे १.५४ घनमीटर कोरडा माल लागतो. त्याचा सातवा भाग ०.२२ घनमीटर, आणि पन्नास किलोची बॅग साधारण ०.०३५ घनमीटर, म्हणून सहा बॅगांहून थोडे अधिक सिमेंट लागते. भागाकार त्या मुलांचाही बरोबरच असतो. मी त्यांच्या कागदावरच्या पहिल्या आकड्यावर पेन्सिल टेकवतो आणि विचारतो, "हे एक घनमीटर कशाचे? ओल्या मालाचे की कोरड्या?"